चाचा, तुमचं कथील खरं होतं

चाचा, आधी बातमी सांगतो. नाहीतर माझं कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे, मी काळज्याच सांगत बसतो आणि चांगली गोष्ट तोंडातच राहून जाते. तर बातमी अशी, की ती राख नव्हती. ते कथीलच होतं. तुम्ही दिलेलं, तुमच्या पिशवीतलं, तेच. मी ते परत पांढरं करून पाहिलं. इथल्या स्वयंपाकघरात, लोखंडी कढईत, माझ्या हातानं. करड्या भुग्यातून एक थेंब निघाला, मग दुसरा, मग दोघं एकमेकांकडं धावले, आणि मी एवढ्या जोरात ओरडलो की चुलीजवळचं मांजर दार ढकलून थेट बर्फात गेलं.

हे मी इथल्या हॉटेलच्या मालकाला सांगितलं, तुमच्या नसीमला सांगितलं, चाचींना तर पुन्हा पुन्हा सांगितलं. पण भांडण ज्याच्याशी होतं त्याला सांगितल्याशिवाय ते मिटल्यासारखं वाटत नाही. तुम्ही गेलात आणि आपलं भांडण तसंच अर्धं उघड्यावर पडून राहिलं. म्हणून लिहायला बसलोय. एवढं लिहायची सवय कुठं आहे मला!

जुन्या धुळ्यातल्या तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तो काम मागायला नव्हे, सावलीला. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून पाठ गेली होती. शाळा सातवीतच सुटलेली. पिंपळनेरला घरी परत जायचं तर तोंड दाखवायची लाज. तुम्ही एका पातेल्यावर वाकला होतात. भट्टी पेटलेली, नवसागराचा तो नाकात शिरणारा पांढरा धूर. वर न बघता म्हणालात, "उभा काब्रं शे? भाता मार." उभा का, ते मलाच ठाऊक नव्हतं; मी भाता मारायला बसलो. संध्याकाळी चाचींनी ताट पुढं सरकवलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "नाव काय रे तुन्हं?" दिवसभर राबवून घेऊन मग नाव विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि नाव कळल्यावर ज्यानं जात, गाव, शिक्षण यातलं काहीच विचारलं नाही, असाही.

तुमचं ते कथील बोलवणं मला अजून दिसतं. गिऱ्हाईक आलं की तुम्ही कांडी त्याच्या कानाशी धरायचात आणि हळूच वाकवायचात. आतून बारीक कुरकुर यायची, कोवळी काकडी मोडावी तशी. "आयकं? बोलस ते. शिसं मिसळं का मुकं व्हई जास." एकदा एक बाई म्हणाली, "चाचा, आमच्या माणसाच्या कानाशी धरा ना, तो पण घरात मुकाच असतो." तुम्ही कांडी खाली ठेवलीत आणि गंभीर तोंड करून म्हणालात, "बाई, त्याच्यात शिसं कुणी मिसळलं ते तुलाच ठाऊक." ती एवढी हसली की पातेलं विसरून गेली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला पाठवलं तिनं न्यायला. तो खरंच काही बोलला नाही!

बाकीचे कल्हईवाले थोडं शिसं घालायचे. वितळतं लवकर, पसरतं छान, स्वस्तही पडतं. तुम्हाला कुणी टोकलं की तुमचं एकच उत्तर, "लेकरं जेवतात त्याच्यात." त्यापुढं भाषण नाही. मला तेव्हा वाटायचं, हा म्हातारा हट्टी आहे. आता वाटतं, त्या हट्टावरच मी मोठा झालो.

मग घरोघर स्टील आलं, पातेली माळ्यावर गेली, भट्टी आठवड्यातून एकदा पेटायला लागली. मी एका मुकादमाबरोबर रस्त्याच्या कामाला निघालो, लडाखात, कारगिलच्याही वर. तुम्ही रागावाल वाटलं होतं. तुम्ही मात्र नकाशा मागवलात नसीमकडून, त्यावर बोट फिरवलंत आणि म्हणालात, "एवढा वर? हवा तरी ऱ्हास का तठे?"

हवा असते चाचा. पण पहिल्या हिवाळ्यात मी माणूस राहिलो नव्हतो. धुळ्यात ज्याची बडबड तुम्हाला भाता फेकून मारावासा वाटेपर्यंत चालायची, तो मी इथं आठवडा आठवडा कुणाशी बोलायचो नाही. रस्त्याचं काम बंद झालं तेव्हा या हॉटेलच्या मालकानं स्वयंपाकघरात घेतलं. भला माणूस. त्याच्या स्वयंपाकघरात तांब्याच्या मोठाल्या डेगच्या होत्या, आणि आतली कल्हई उडून तांबं उघडं पडलेलं. ते पाहिलं आणि माझी जीभ परत आली. म्हटलं, मालक, हे काम मला येतं. माझ्या उस्तादासारखं नाही, पण येतं.

पुढच्या खेपेला धुळ्यात आलो तेव्हा तुम्ही कापडी पिशवीत कथिलाच्या कांड्या बांधून दिल्यात. नवसागराची पुडी वेगळी, मेणकापडात. आणि निघताना दारात बजावलंत, "थंडा जागामा ठेव, बरं. चुलीजवळ नको."

इथंच घोटाळा झाला, आणि हा घोटाळा फक्त खानदेशी माणसंच करू शकतात. आपल्याकडं नासणं म्हणजे उन्हानं. लोणी उन्हानं जातं, केळी उन्हानं काळी पडतात, माणूससुद्धा उन्हानंच पडतो. थंडीनं एखादी वस्तू बिघडल्याचं धुळ्यात कुणी पाहिलंय? तुम्ही पाहिलं नव्हतं, मीही नाही. मला तर वाटलं, थंड जागा म्हणजे इथं सोन्याहून पिवळं! लागेल तेवढं कथील खोलीत ठेवलं आणि बाकीची पिशवी मागच्या दगडी कोठीत, जिथं बादलीतलं पाणी दगड होतं. वर कुलूप. किल्ली करदोट्याला. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. आणि बर्फ वितळायला लागल्यावर पिशवी उघडली तर आत कांड्या नव्हत्या. करडा भुगा, आणि त्यात देवीचे फोड आल्यासारखे दोन-चार तुकडे. बोट लावलं की तेही ढासळायचे.

मालकाची आई तिथंच उभी होती. तिनं भुगा पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि मुलाला म्हणाली, हे कसलं कथील, यात शिसं नाहीतर काहीतरी विष आहे, आणि हा आपल्या पोरांना त्यात शिजवून घालतो. त्याच दिवशी डेगच्या माळ्यावर गेल्या आणि अॅल्युमिनियमची भांडी आली. मालकानं मला कामावरून काढलं नाही. पण त्या दिवसापासून तो मी केलेली भाजी ताटात घेण्याआधी क्षणभर थांबायचा. ते क्षणभर थांबणं मी वर्षभर पाहिलं, चाचा.

तुम्हाला फोन केला तो कौलासाठी. तुम्ही सांगाल, अरे वेड्या, याला अमुक म्हणतात, असं असं कर. पण तुम्हीच पेटलात.

"चाचा, कथील सडलं."

"काय?"

"सडलं! फोड आले, भुगा झाला सगळा!"

"कथील सडत नही. लाकूड शे का ते?"

"मग हे काय झालंय?"

"ते मन्हं नही शे. तुन्हा तठे कोनी तरी बदलं."

"कुलूप माझं, किल्ली माझ्याजवळ. कोण बदलणार?"

तुमचा आवाज खाली आला. "मंग काय, मी तुले खोटं दिधं?"

मी म्हटलं, नाही चाचा. तुम्ही परत विचारलंत, "बोल ना, खोटं दिधं मी?" मी ओरडून म्हटलं, नाही! तुम्ही म्हणालात, "गप काब्रं शे?" आणि फोन ठेवलात.

मला वाटलं, डोंगरात रेंज गेली. परत लावला, उचलला नाही. ईदला लावला तर चाची म्हणाल्या, झोपलेत. दिवाळीला तुमच्याकडून दरवर्षी फोन यायचा, त्या वर्षी आला नाही. मी रोज मनात हिशेब घालायचो. कथील तुमचं खरं, तर माझी राखण खोटी. राखण खरी, तर तुमचं कथील खोटं. दोघंही खरे असतील असा रस्ताच दिसत नव्हता. तुमच्यावर शंका घ्यायची माझी छाती नव्हती आणि माझ्या किल्लीवर शंका घ्यायला जागा नव्हती. तो भुगा मात्र टाकवला नाही. दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात भरून उशाशी ठेवला.

नसीमचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होतो. "धनाभाऊ, अब्बा गेले." छातीत कळ आली, रिक्षात घालेपर्यंत सगळं संपलं, म्हणाली. घाट बर्फानं बंद. उघडा असता तरी मातीला कुठला पोचणार होतो? मालक म्हणाला, आज काम नको, बस. पण बसून करू काय? माझ्याजवळ तुमच्या हातची एकच वस्तू होती, ती त्या डब्यात. मी कढई चुलीवर ठेवली, भुगा ओतला आणि नुसता बघत राहिलो. काही ठरवून नाही. हाताला काम हवं होतं.

भुगा तापला, काळपटला, आणि तसाच पडून राहिला. म्हटलं, संपलं, राख ती राखच. मग तुमची सवय हातानं आठवली, डोक्यानं नाही. मेणकापडातल्या पुडीतून चिमूटभर नवसागर घेतला आणि टाकला. भक्कन पांढरा धूर! चाचा, तुमचं दुकान आलं हो त्या धुरातून. ओटा, भाता, चाचींची हाक, सगळं. डोळे चुरचुरायला लागले. नवसागरानं म्हणा. आणि डोळे पुसून बघतो तर कढईच्या तळाला एक थेंब चमकतोय. आरशासारखा. मी कढई हलवली, चमच्यानं ढवळलं, आणखी नवसागर टाकला. थेंबाला थेंब मिळत गेला. वर थोडा मळ राहिला, खाली पांढरं शुभ्र कथील, बशीएवढं! मी कढई फरशीवर ओतली, लांबट कांडी पडली. गार होईपर्यंत तिच्याभोवती येरझाऱ्या घातल्या. मग कानाशी धरली आणि वाकवली.

बोललं.

लगेच नसीमला फोन लावला. घरात माणसं बसलेली, मौत झालेलं घर, आणि मी फोनवर, "बोललं, बोललं!" तिला वाटलं, माझं डोकं फिरलं. सगळं पहिल्यापासून सांगितलं. कोठी, फोड, भुगा, कढई. ती दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, नुसत्या आनंदानं तिचं भागत नाही. म्हणाली, "थांबा धनाभाऊ, असं होतं तरी का, बघते." तासाभरानं तिचाच फोन आला, आणि आता ओरडायची पाळी तिची होती.

"धनाभाऊ, ऐका, वाचून दाखवते. कथिलाची दोन रूपं असतात. एक पांढरं, चकचकीत, वाकणारं, ते आपलं नेहमीचं. दुसरं करडं आणि ठिसूळ. धातू तोच. आतली मांडणी तेवढी बदलते. कडाक्याच्या थंडीत फार दिवस राहिलं की पांढऱ्याचं करडं व्हायला लागतं. फुगतं, फोड येतात, भुगा होतो. वितळवलं की परत पांढरं."

"म्हणजे माझी किल्ली खरी?"

"किल्ली खरी. आणि अब्बा पण खरे. पुढं ऐका ना! शिसं मिसळलेलं असेल तर हे सहसा होत नाही. जेवढं कथील शुद्ध, तेवढी त्याला थंडीची भीती जास्त."

मी खाली बसलो, चाचा. पुन्हा वाच म्हटलं. तिनं पुन्हा वाचलं. ज्या भुग्याला मालकाच्या आईनं विष म्हटलं, ज्याच्यावरून तुम्ही माझ्याशी अबोला धरलात, तो भुगा म्हणजेच तुमच्या चोखपणाची साक्ष होती! शिसं घालणाऱ्यांचं कथील इथल्या बर्फात ऐटीत चमकत राहिलं असतं. तुमचं खरं होतं म्हणून ढासळलं. असलं न्यायाधीशाचं डोकं फिरवणारं काम देवानं कशाला केलं असेल, कोण जाणे.

पण आनंद पुरता झाला नव्हता. चाचींनी नसीमच्या हातून फोन घेतला. "बेटा, हे तू आधी का नाही सांगितलंस रे," एवढंच म्हणाल्या आणि मग सगळं बाहेर आलं.

तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतंत, चाचींनी आपलं आपण ओळखलं. तुमचे कान जात चालले होते, एक शब्द ऐकू यायचा, दुसरा नाही. माझ्या त्या फोनच्याही आधीपासून. "गप काब्रं शे" ते त्यामुळं! मी ओरडून नाही म्हणत होतो आणि नेमकं तेच तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. त्या फोननंतर तुम्ही दुकानात बसून कांडी कानाशी धरायचात, वाकवायचात, पुन्हा वाकवायचात, मोडेपर्यंत. आवाज यायचा नाही. कान गेलाय की कथील खोटं आलंय, हे तुमचं तुम्हाला कळेना, आणि दुसऱ्याच्या कानाला विचारायचं तर कान गेल्याचं सांगावं लागणार. मग तुम्ही कामच बंद केलंत. मोहल्ल्याची मोठी देग, जी दरसाल तुम्ही फुकट कल्हई करून द्यायचात, तीही परत पाठवलीत. लोकांना सांगितलंत, गुडघे दुखतात. चाचींना तेवढं सांगितलंत, "माले काही व्हयनं तर ते बठ्ठं कथील पांझरामा टाक. कोनाले देऊ नको, कोनाले ईकू नको."

एवढं सगळं एका माणसानं एकट्यानं गिळून बसावं, चाचा? या एका गोष्टीवर मी अजून तुमच्यावर रागावलोय. तुम्ही मला हाक मारायला हवी होती. माझे कान चांगले आहेत. मी काय नुसता भाता मारायलाच होतो का?

चाची म्हणाल्या, कथिलाचं पोतं बांधून ठेवलंय, पुतण्या उद्या नदीवर नेणार आहे.

"नेऊ नका चाची! ते चोख आहे."

"असेल बेटा. पण ते सांगून गेलेत. गेलेल्या माणसाचा शब्द मी कसा मोडू?"

त्यांचं बरोबर होतं. आणि माझंही बरोबर होतं. पुन्हा तेच! मी घाबरलो, की आता या दोन खऱ्यांच्यात तुमचं कथील नदीत जाणार आणि मोहल्ल्यात कायमचं राहणार, की हनीफ कल्हईवाला शेवटी शेवटी खोटा माल लावत होता. माझ्या तोंडातून शब्द निघाले ते कुठून निघाले मला माहीत नाही. म्हटलं, "चाची, त्यांचा शब्द कथील बुडवायचा नव्हता. खोटं कथील कुणाच्या भांड्याला लागू नये, हा होता. तुम्ही स्वतः ऐका आणि मग ठरवा. नसीम, पोतं सोड."

पोत्याची गाठ सोडल्याचा आवाज आला. कांड्या एकमेकींवर आपटल्याचा. मग नसीम म्हणाली, "अम्मी, कान इकडं करा." इथं खिडकीवरून बर्फाचा लोंढा घसरला तर मी त्यालाही शूः केलं.

"बोलतंय," चाची म्हणाल्या. "अरे अल्ला, हे तर बोलतंय रे." दुसरी कांडी वाकवली. "हे पण." मग त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता तुम्हाला काय काय बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. तुम्हाला पाठ असेल.

पुढचं ऐका, खरी मजा पुढंच आहे. तुमच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण त्या मोठ्या देगेत करायचं ठरलं. देगेची कल्हई उडालेली. लोक म्हणाले, बाहेरून कुणीतरी आणू. नसीम म्हणाली, मी करते, अब्बाच्या कथिलानं. शेजारचे अन्सारभाई म्हणाले, "तू? तू सुया टोचतेस ना?" ती म्हणाली, "चालायला लागले तेव्हापासून भट्टीपाशी बसलेय. तुम्ही फक्त मोबाइल धरा. धनाभाऊ बघतील."

म्हणजे मी इथं, मोजे घालून, कांदा परतत, आणि समोर मोबाइलवर तुमचं अंगण! देग आडवी केली होती. पुतण्या आणि आणखी एक जण फिरवायला. नसीमनं चिंचेनं आणि वाळूनं आतून घासून तांबं लालबुंद काढलं. भट्टी पेटली. मी इकडून सुरू:

"ओढणी बांध! मागं बांध! जाळ उजवीकडं जातोय. अन्सारभाई, मोबाइल खाली करा, आकाश कशाला दाखवता? नसीम, आता नवसागर. जास्त नको. कथील टेकव, टेकव, फिरव! कापूस, कापूस घे!"

"धनाभाऊ," ती धुरातून खोकत म्हणाली, "तुम्ही मालकाचा कांदा करपवू नका. इथं मी आहे."

कांदा करपलाच होता.

कापसाचा बोळा तिनं फिरवला आणि लाल तांब्यावर पांढरी चमक पसरत गेली, तुमच्या हातची पसरायची तशीच, एका दमात. तुकड्या तुकड्यानं देग फिरवत ती पुढं गेली. मनगटाला एकदा चटका बसला, तिनं तोंड वाकडं केलं, थांबली नाही. माझ्या मागं मालक येऊन उभा राहिला होता, मला पत्ताच नाही. त्याची आईसुद्धा. मी त्यांना हिंदीत सगळं सांगितलं, हातवारे करून, दोन रूपं, थंडी, शिसं. फरशीवर ओतलेली ती माझी कांडी मालकाच्या कानाशी नेऊन वाकवली. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, तुझा उस्ताद मला भेटायला हवा होता. त्या संध्याकाळी त्याच्या आईनं माळ्यावरची एक डेगची खाली काढायला लावली.

देग पुरी झाली. आता तुमची रीत. कल्हई करणाऱ्यानं त्या भांड्यातलं पहिलं पाणी प्यायचं, सगळ्यांच्या देखत, मगच भांडं द्यायचं. देगेत पाणी उकळलं, गार झालं. नसीमनं ग्लास भरला. अंगणात कुणी हललं नाही, कारण तुम्ही देग परत पाठवल्याचं कुणी विसरलं नव्हतं. कुजबुज होतीच. तेवढ्यात चाची ओसरीवरून उतरल्या. इद्दतमधली बाई, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परपुरुषापुढं यायचं नाही, म्हणून इतके दिवस आतच होत्या. बायांनी मध्ये चादर धरली, त्यामुळं मला दिसलं नाही. फक्त ऐकू आलं. "दे इकडं. पहिला घोट मन्हा." ग्लास खाली ठेवल्याचा आवाज. आणि मग, "आणखी दे."

जेवण काय झालं म्हणून सांगू! अन्सारभाईंनी मला देगेतला दालचा दाखवला मोबाइलवर, वाफ थेट काचेवर. म्हणाले, कल्हई कुणाची म्हणून विचारताहेत लोक. मी म्हटलं, सांगा, हनीफ चाचांची.

रागावलोय म्हटलं ना मघाशी, तेवढा नाही आता. तुम्ही मला बोलता केलंत, आणि जेव्हा मी इथं मुका पडलो तेव्हा दुसऱ्यांदा केलंत, शिकवलेल्या या कामानं. तुम्ही असताना याचे आभार मानायला गेलो असतो तर तुम्ही भाता दाखवला असतात. आता उलट बोलायची तुमची सोय नाही, म्हणून मानतो.

परवा चाचींचा फोन आला. आवाज वैतागलेला, म्हणजे तब्येत बरी.

"बेटा, ओट्यावर चार बाया पातेली घेऊन बसल्यात. म्हणतात, देगेसारखं करून द्या. नसीम कामावर गेली. मी दाराआडून काय सांगू त्यांना?"

"दुकान उघडलंय का चाची?"

"उघडंय कुठं? किल्ली माझ्याजवळ शे."

"मग पुतण्याला द्या. शटर वर करा म्हणावं, पातेली आत घ्या, ज्याच्या त्याच्यावर खडूनं नाव घाला. घाट मोकळा झाला की मी निघतो. मालकानं सुट्टी दिलीय. त्याच्याही डेगच्या राहिल्यात, पण तो म्हणाला, आधी तिकडची कर."

"नक्की येशील ना?"

"येतो."

फोन त्यांनी तसाच हातात धरला असावा. पलीकडून शटर वर जाताना करकरलं, लांबलचक, वर्षभराच्या गंजासकट. बायांची एकच धांदल उडाली, पातेल्यांवर पातेली आपटली. आणि त्या सगळ्या गलक्यावर चाचींचा आवाज, दाराआडूनच, पण पार गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा:

"एकेकीनं या गं! दुकान शे हे, नळ नाही!"